चंद्रावर सोपं, विहिरीत अवघड: पाण्याखालच्या ठिणगीचा इतिहास

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग एका ठिणगीबद्दल आहे.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर लाइव्ह बघितलं. पण त्यानंतर पाच-सहा दिवसांनी जी बातमी आली ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या मातीत गंधक असल्याचं तिथल्या तिथे तपासून सांगितलं. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोखंड, क्रोमियम, टायटॅनियम, मँगनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजनही सापडले. मातीचा एक कणसुद्धा पृथ्वीवर आणला नव्हता. रोव्हरवर इस्रोच्या बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत बनलेलं एक उपकरण होतं, त्याचं नाव लिब्ज. काम साधं: लेझरने मातीवर ठिणगी पाडायची आणि त्या ठिणगीचा उजेड वाचायचा.

आता मी राहतो कारेगावात. शिरूर तालुका, रांजणगाव एमआयडीसीला लागून. इथे पाण्याचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एक मत असतं. बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, जारचं पाणी. त्यामुळे चांद्रयानानंतर एक प्रश्न अगदी सरळ डोक्यात येतो. जे यंत्र जवळपास चार लाख किलोमीटरवर चालतं, ते आपल्या विहिरीत चाळीस फुटांवर सोडून बघायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि मोठी आहे. चंद्रावर ही ठिणगी वाचणं जमलं, पण पाण्याखाली ती वाचायला शास्त्रज्ञांची चाळीस वर्षं गेली, आणि काम अजून संपलेलं नाही. चला, क्रमाने बघू.

एमआयडीसीतला 'स्पेक्ट्रो'

आपल्या भागातल्या फाउंड्रीत किंवा ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, क्वालिटीला कुणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा, 'स्पेक्ट्रो' म्हणजे काय. ते सांगतील. ओतलेल्या धातूची एक चकती घ्यायची, घासून सपाट करायची, मशीनच्या स्टँडवर ठेवायची, आरगॉन वायू चालू करायचा आणि बटण दाबायचं. विजेची ठिणगी पडते, चकतीवर काळा डाग उमटतो, आणि अर्ध्या-एक मिनिटात स्क्रीनवर यादी येते: कार्बन इतका, सिलिकॉन इतका, मँगनीज इतकं. यादी बरोबर आली तर माल पुढे जातो, नाहीतर हीट रिजेक्ट.

यामागचं तत्त्व असं. कुठलाही पदार्थ पुरेसा तापवला की त्याचे अणू प्रकाश सोडतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश ठरलेल्या रंगांचाच असतो. गॅसवर मीठ सांडलं की ज्योत पिवळी होते ना? तो सोडियम. हा प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून पसरवला की रंगाचा सलग पट्टा न दिसता ठरावीक जागी उभ्या रेषा दिसतात. या पट्ट्याला वर्णपट म्हणायचं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला तो लॉग फाइलसारखा वाटतो. कुठली रेषा कुठे आली त्यावरून आत कोण कोण होतं ते कळतं, आणि रेषा किती उजळ आहे त्यावरून किती होतं त्याचा अंदाज येतो.

चार टँकर पाणी, सात ग्रॅम माल

ही विद्या उभी राहिली जर्मनीत, हायडेलबर्गला, १८५९-६० मध्ये. रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्चहॉफ ही ती जोडी. त्यांनी वर्णपट वापरून जे पहिलं नवं मूलद्रव्य शोधलं, ते पाण्यात सापडलं. ड्युर्कहाइम नावाच्या गावच्या खनिज पाण्याचा अर्क ज्योतीत धरला तेव्हा दोन निळ्या रेषा दिसल्या, ज्या कुठल्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याच्या नव्हत्या. त्या निळ्या रंगावरूनच नाव पडलं सीझियम.

पण रेषा दिसणं वेगळं आणि पदार्थ हातात येणं वेगळं. त्यासाठी बुन्सेनने चाळीस टनांहून जास्त पाणी आटवलं. आपल्या भाषेत, दहा हजार लिटरचे चार टँकर भरून उरेल इतकं. त्यातून सीझियमचं क्षार निघालं सुमारे सात ग्रॅम.

हा आकडा लक्षात ठेवा. पाण्यात काय आहे हे कळायला पाणी उपसा, वाहून न्या, आटवा, मग बघा. पुढची शंभर वर्षं साधारण हीच पद्धत राहिली. वस्तू प्रयोगशाळेकडे जायची. प्रयोगशाळेने वस्तूकडे जावं हा विचार पृथ्वीवर नंतर आला. आधी तो आला आकाशाच्या बाबतीत, कारण सूर्य काही बाटलीत भरून आणता येत नाही.

विजयदुर्ग, जेऊर आणि एक फॉरवर्ड

इथे आपला महाराष्ट्र येतो, आणि सोबत एक व्हॉट्सॲप फॉरवर्डही येतो. 'हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकयर यांनी विजयदुर्गावरून लावला.' दरवर्षी ऑगस्टमध्ये हा मेसेज फिरतो. त्यातलं काय खरं ते बघू.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर जान्सन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून बघितलं. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातही एक इंग्रज पथक दुर्बिणी लावून बसलं होतं. नॉर्मन लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ग्रहणाशिवायच, २० ऑक्टोबर १८६८ ला, लंडनहून सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. त्यात दिसलेली पिवळी रेषा कुणाची हे कळेना, म्हणून पुढे त्या अनोळखी मूलद्रव्याला हेलियम नाव मिळालं. पृथ्वीवर हेलियम हातात आला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांच्या.

मग विजयदुर्ग? लॉकयर तिथे आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' त्याच मोहिमेशी जोडलेले आहेत. म्हणजे जागा खरी, माणूस खरा, साल तीस वर्षांनी चुकलेलं.

त्याच ग्रहणाची दुसरी गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही. दौंडहून सोलापूरकडे जाताना जेऊर स्टेशन लागतं. १८९८ ला तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचं पथक उतरलं होतं, आणि पुण्याहून आले होते कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, ते शिकवायचे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी तिथे १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली, आणि ती मुख्यतः वर्णपटाच्या कामासाठीच. तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली मोठी दुर्बीण होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं.

म्हणजे आपल्या शेजारच्या रेल्वे मार्गावर, सव्वाशे वर्षांपूर्वी, हात न लावता दुरून रसायन वाचण्याचं काम झालेलं आहे. सूर्य स्वतःच पेटलेला असल्यामुळे तिथे फक्त वाचायचं होतं. दगड, माती, पाणी मात्र आपण पेटवल्याशिवाय बोलत नाहीत. दुरून पेटवणारी काडी लागणार होती.

काडी सापडली

ती काडी म्हणजे लेझर. १६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर चालवला. दोनच वर्षांत, १९६२ मध्ये, फ्रेड ब्रेख आणि ली क्रॉस यांनी एका परिषदेत दाखवलं की लेझरचा झोत एका बिंदूवर आणला की पदार्थाची वाफ होते आणि तिच्या प्रकाशातून मूलद्रव्यं ओळखता येतात. लिब्जची जन्मनोंद साधारण इथली धरतात.

लेझरचा झोत काही नॅनोसेकंदांचा. ऊर्जा फार नाही, पण ती इतक्या कमी वेळात आणि टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत येते की त्या जागी तापमान दहा हजार अंशांच्या घरात जातं. अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा तयार होतो. प्लाझ्मा विझत जाताना रेषा दिसतात. चकती घासायला नको, वायर जोडायला नको. फक्त नजर पोचली पाहिजे.

हवेत हे जमलं. मंगळावर २०१२ मध्ये क्युरिऑसिटी रोव्हरने काही मीटर लांबून खडकांवर असा लेझर मारला. चंद्रावर तर हवाच नाही, त्यामुळे ठिणगी मोकळी पसरते आणि रेषा बारीक, सुट्या येतात.

आणि पाण्यात?

पाणी ठिणगीचा गळा धरतं

पाण्यात तीन अडचणी एकदम येतात.

पहिली, झोत पोचण्याची. लिब्जमध्ये नेहमी वापरला जाणारा लेझर इन्फ्रारेड असतो. पाणी त्यातला अर्ध्याच्या आसपास प्रकाश पाच-सात सेंटिमीटरमध्येच गिळून टाकतं. हिरवा लेझर वापरला तर तो लांब जातो, पण गढूळ पाण्यात मधल्या मातीच्या कणावर आपटून भलतीकडेच ठिणगी पडते.

दुसरी, दाबण्याची. हवेत प्लाझ्मा फुलतो. पाण्यात चहूबाजूंनी पाणी त्याला आवळतं. आवळलेल्या प्लाझ्मात अणू एकमेकांवर इतके आदळतात की प्रत्येकाची रेषा फेंगडी होते, शेजारच्या रेषेत मिसळते, आणि सगळीकडे नुसता पांढरा उजेड दिसतो. बाजारात सगळे एकदम ओरडायला लागले तर कोण काय विकतंय ते कळत नाही, तसं.

तिसरी, विझण्याची. हवेतला प्लाझ्मा काही दहा मायक्रोसेकंद वाचता येतो. पाण्यातला जेमतेम एक मायक्रोसेकंद, बऱ्याचदा त्याहून कमी.

यावरची पहिली मोठी युक्ती १९८४ ची. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत डेव्हिड क्रेमर्स, लिऑन रॅडझिएम्स्की आणि थॉमस लोरी द्रवांवर काम करत होते. त्यांनी लेझरचे दोन झोत एकामागोमाग सोडले. पहिल्या झोताने पाण्यात एक बुडबुडा तयार होतो. तो फुगलेला असतानाच दुसरा झोत त्याच्या आत मारायचा. आता दुसऱ्या ठिणगीभोवती पाणी नाही, वाफ आहे.

वारीत फुगडी बघितलीत का? गर्दीत थेट फुगडी घालता येत नाही. आधी कुणीतरी माणसं मागे सारून जागा मोकळी करतं, मग फुगडी. पहिला झोत जागा करतो, दुसरा फुगडी घालतो.

फरक किती पडला? पाण्यातलं बोरॉन एका झोताने दिसायला ते लिटरमागे सुमारे १२०० मिलिग्रॅम असावं लागायचं, दोन झोतांनी सुमारे ८० पुरे झालं. आपल्या टँकरच्या मापात सांगतो: आधी दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये बारा किलो बोरॉन असलं तर यंत्राला कळायचं, आता आठशे ग्रॅमला कळू लागलं. मोठी उडी आहे. पण हे आठशे ग्रॅम डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

समुद्राच्या तळाशी

यानंतर दोन वाटा फुटल्या.

एक वाट स्पेनची. मालागा विद्यापीठात हावियर लासेर्ना यांच्या गटाने लेझर बोटीवरच ठेवला आणि लांब ऑप्टिकल फायबरने झोत खाली पाणबुड्याच्या हातातल्या नळीपर्यंत नेला. नळीच्या तोंडातून हवेचा झोत सोडून पाणी क्षणभर बाजूला सारायचं आणि कोरड्या झालेल्या जागी ठिणगी पाडायची. याने त्यांनी कादिझच्या उपसागरात बुसँतॉर या जहाजाच्या अवशेषांवर काम केलं. १८०५ च्या ट्रफॅल्गारच्या लढाईत हे फ्रेंच-स्पॅनिश ताफ्याचं मुख्य जहाज होतं. तळाशी पडलेली गंजकी वस्तू तांब्याची, लोखंडाची की शिशाची, हे ती वर न काढता कळू लागलं. जुन्या वस्तू पाण्याबाहेर काढल्या की झपाट्याने खराब होतात, त्यामुळे पुरातत्त्ववाल्यांसाठी ही सोन्यासारखी गोष्ट.

दुसरी वाट जपानची, आणि ही फार खोल जाते. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. हजार मीटरवर शंभर पट. तिथे बुडबुडा फुगायच्या आतच चिरडतो. दोन झोतांची युक्ती फसते, कारण फुगडीला जागाच होत नाही. यावर क्योटो विद्यापीठाच्या तेत्सुओ साक्का यांच्या कामातून वेगळा उपाय निघाला. झोतच लांबवायचा: पाच-दहा नॅनोसेकंदांऐवजी दीडशे-अडीचशे नॅनोसेकंद. टाचणी टोचण्याऐवजी अंगठ्याने दाबल्यासारखं. असा प्लाझ्मा कमी दाट होतो आणि रेषा खोल पाण्यातही सुट्या येतात.

टोकियो विद्यापीठाच्या ब्लेअर थॉर्नटन आणि सहकाऱ्यांनी त्यावर 'केमिकॅम' बांधला. तो तीन हजार मीटरपर्यंत जाऊ शकतो. ओकिनावाजवळ समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे हजार मीटरहून खोल, मानवरहित पाणबुडीवरून या यंत्राने समुद्राचं पाणी आणि खनिजं जागेवर वाचली. हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे त्यांनी तांबं, शिसं, जस्त यांचं प्रमाणही मांडलं.

गोवा, १९८१

आता परत आपल्याकडे. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ ची. २६ जानेवारी १९८१ ला संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'गवेषणी' जहाजावरून हिंदी महासागराच्या तळातून बटाट्यासारखे काळे गोळे वर काढले. मँगनीजचे गोळे. त्यात लोखंड, निकेल, तांबं, कोबाल्टही असतं. १९८७ मध्ये भारत या गोळ्यांसाठी समुद्रतळाचं क्षेत्र मिळवणारा जगातला पहिला 'पायोनियर इन्व्हेस्टर' ठरला. २०१६ मध्ये गरम झऱ्यांजवळच्या गंधकयुक्त खनिजांच्या शोधासाठी दहा हजार चौरस किलोमीटरचा करार झाला, आणि २०२१ मध्ये सरकारने डीप ओशन मिशन मंजूर केलं.

१९८१ ची पद्धत ओळखीची वाटते ना? यंत्राचा पंजा खाली सोडायचा, सापडेल ते वर आणायचं, बंदरात उतरवायचं, प्रयोगशाळेत न्यायचं. बुन्सेनच्या टँकरांसारखंच. एक नमुना म्हणजे काही तासांचं काम, आणि दोन नमुन्यांच्या मधल्या किलोमीटरांत काय आहे ते अंदाजाने भरायचं.

जागेवर वाचणारी ठिणगी हे बदलते. एका पाणबुडीच्या फेरीत शेकडो ठिकाणं वाचता येतील, तळ न उकरता. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कुठे माल आहे हे पटकन कळलं की तिथे खोदायला जाणंही सोपं होतं. त्या झऱ्यांभोवती जगात दुसरीकडे न सापडणारे जीव राहतात. तळाला धक्का न लावता तपासणारं यंत्र तळ खोदणाऱ्यांच्याही कामाला येणार. डीप ओशन मिशनच्या बातम्या वाचताना हे डोक्यात असू द्या. पैसा आपला आहे आणि समुद्र तर सगळ्यांचाच.

मग आमच्या विहिरीचं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नावर येतो.

जागेवर तपासण्याचा फायदा विहिरीतही तितकाच खरा आहे. बोअरचं पाणी वर येतं तेव्हा स्वच्छ दिसतं आणि बादलीत तासभर ठेवलं की तांबूस होतं, हे कित्येक घरांत बघितलं असेल. आत विरघळलेलं लोखंड हवा लागताच गंजासारखं बाहेर पडतं आणि तळाशी बसतं. म्हणजे बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतलं पाणी बदललेलं असतं. शिसं वगैरे जड धातू तर बाटलीच्या भिंतीला चिकटतात. म्हणून त्यांच्या तपासणीला नमुना घेतानाच त्यात नायट्रिक ॲसिड टाकतात. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून नेलेल्या पाण्याच्या रिपोर्टवर मग किती विश्वास ठेवायचा, तुम्हीच सांगा.

पण ते आठशे ग्रॅम आठवा. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. आपल्या मापात, दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये ०.१ ग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही कमी. आर्सेनिकचंही तेच. ठिणगी प्रत्येक मूलद्रव्याला सारखी दिसत नाही. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लिथियम ती बोरॉनपेक्षा खूप सहज पकडते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे चारशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते तिला आरामात दिसतं. तळावरचा दगड असेल तर त्यात धातू टक्क्यांत असतात, तेही दिसतात. पण पाण्यात विरघळलेलं चिमूटभर शिसं थेट पाण्याखालच्या ठिणगीत दिसत नाही. त्याला आजही बाटली, ॲसिड आणि आयसीपी-एमएससारखं प्रयोगशाळेतलं यंत्रच लागतं.

म्हणून उद्या कुणी 'इस्रोचं तंत्रज्ञान, पाण्यात बुडवा, सगळं कळेल' असं सांगत मीटर विकायला आला, तर तीन प्रश्न विचारा. कुठलं मूलद्रव्य? लिटरमागे किती असलं तर दिसतं? आणि नमुना कुठून, कसा घेतला? आज दारोदार फिरणारा टीडीएस मीटर पहिल्याच प्रश्नाला नापास होतो. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा एकूण अंदाज देतो. क्षार कुठले, हे त्याला माहीतच नसतं. पाणी टीडीएसमध्ये पास आणि शिशात नापास असू शकतं.

हेच तीन प्रश्न प्रयोगशाळेच्या छापील रिपोर्टलाही लागू आहेत. ग्रामपंचायतीत पाण्याचा रिपोर्ट आला की त्यात जड धातूंचा रकाना आहे का, आणि 'आढळले नाही' असं लिहिलं असेल तर यंत्राला किमान किती दिसतं तो आकडा शेजारी आहे का, हे बघा. 'आढळले नाही' म्हणजे 'नाही' असं नसतं. १९८४ च्या त्या यंत्राने टँकरमधल्या अकरा किलो बोरॉनलाही एका झोतात 'आढळले नाही' असंच म्हटलं असतं.

तर मंडळी, तुमच्या गावच्या शेवटच्या पाणी तपासणीत कुठले रकाने होते ते बघून कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव नको असेल तर नुसता तालुका लिहा. आणि विजयदुर्गाचा तो मेसेज पुन्हा आला, तर पाठवणाऱ्याला रागावू नका. १८९८ ची जेऊरची गोष्ट सांगा, तीही आपलीच आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!